अकरा किलोबाइट

पहिलं पान मी केलं ते देखणं होतं, यात वाद नाही.
वरती रुंद पसरलेला समुद्र, हलता,
ड्रोनने टिपलेला, कोवळ्या उन्हातला
(असं ऊन चिलोएच्या बेटांवर वर्षातून वीसेक दिवस),
त्यावर धुक्यातून आल्यासारखी उमटणारी अक्षरं,
आणि कोपऱ्यात, बोट लागलं की डुलणारी बोट.
कास्त्रोच्या कचेरीत, जाड केबलच्या टोकाशी बसून
सगळे म्हणाले, वा.
साहेबांनी तर ती दोनदा डुलवली.

जूनमध्ये ओर्तेन्सिया नाहुएल्कीनचा फोन आला.
तक्रार नव्हती. विचारत होती,
मंगळवारची लाँच किती वाजता?
म्हटलं, पानावर आहे की.
असेल, ती म्हणाली.
मी चर्चमागच्या टेकाडावर उभी आहे,
इथेच काय ती एक काडी येते,
पाऊस आडवा लागतोय,
आणि अर्ध्या तासात
निळी एक पट्टी उतरली आहे.
हा समुद्र आहे का?
समुद्र मला इथून दिसतो, बाळा.

मग सहज, वाणसामानाचं सांगावं तसं तिने सांगितलं:
शनिवारी ओहोटीमुळे लाँच तासभर आधी सुटली.
भाऊ आबेलीनो धक्क्यावर पोचला तेव्हा
पाण्यावर नुसता डिझेलचा वास होता.
त्याचं डायलिसिस हुकलं.
पाय सुजले, बाकी बरा आहे.

बदललेली वेळ मी शुक्रवारीच टाकली होती.
समुद्राच्या खाली.

नाकापेक्षा मोती जड, हे आईकडून ऐकत आले होते,
पण ज्याचं नाक ओढलं जातं
त्याचा फोन कधी आला नव्हता.

मी लाँचने बेटावर गेले.
नोल्बेर्तो बारीया चढवत होता
गॅसच्या टाक्या, पिठाची पोती, एक आजारी मेंढी.
कुणाचं तरी शोभेचं कपाट धक्क्यावरच राहिलं.
पुढच्या खेपेला, तो म्हणाला,
तेही राहिलं तर त्याच्या पुढच्या.
कपाटाच्या मालकिणीने शिव्या घातल्या,
आणि पोतं उचलायला हात लावला.

बेटावरच्या धक्क्याला छपराची एक जुनी फळी ठोकलेली.
तिच्यावर सुताराच्या पेन्सिलीने
वार, वेळ, वार, वेळ.
शनिवारवर काट, शेजारी नवा आकडा, जरा मोठा.
कुणी केली ही, विचारलं.
कुणीच नाही. ज्याला कळतं तो लिहितो.

परत येऊन पान उघडलं.
आधी धुकं काढलं, ते सोपं गेलं.
मग समुद्र.
मग आठवडाभर शोधून निवडलेला तो टंक,
ज्याच्या वेलांटीवर माझा जीव होता.
बोटीपाशी हात थबकला.
तिचं डुलणं तीन रात्री बसून जमवलं होतं,
दोरी सैल असताना डुलते तसं, घट्ट असताना नव्हे,
आणि हा फरक मलाच तेवढा कळत होता.
काढली.

साहेब म्हणाले, नगरपालिकेचं चिन्ह तरी ठेवा.
मी चिन्हाच्या जागी नगरपालिकेचं नाव लिहिलं.
ते आठवडाभर बोलले नाहीत.

उरला एक तक्ता. वर एक ओळ:
आज बदल आहे किंवा नाही.
वजन अकरा किलोबाइट.

आता टेकाड चढावं लागत नाही,
दफनभूमीच्या फाटकाशीच उघडतं, ओर्तेन्सियाने कळवलं,
पण दिसतं अगदी रडकं,
कर थकल्याची नोटीस असावी तसं.

ऑगस्टमध्ये ती स्वतःच आली.
आबेलीनो इस्पितळात, मध्ये चार तास मोकळे,
ओल्या लोकरीचा वास घेऊन कचेरीत बसली आणि म्हणाली,
तो समुद्र दाखव ना, पूर्ण.

मी जुनं पान लावलं.
क्षणात उतरलं. ऊन, धुकं, अक्षरं.
तिने बोट लावलं, बोट डुलली.
पुन्हा लावलं.
छान आहे गं, म्हणाली,
या उन्हात आमचं बेट ओळखूच येत नाही.

मग मिठाच्या डब्याएवढा आपला फोन काढला,
तक्ता पाहिला,
आणि उरलेली कॉफी उभ्यानेच संपवली.